ढोलकीवाल्यानं काय विकत घ्यावं

गणपती जवळ आले की आमच्या सोसायटीतली पोरं माझ्याकडे येतात. कुणाला भजनात साथ करायची असते, कुणाला नुसतीच हौस. "आजोबा, ढोलकी घ्यायचीय, काय बघून घेऊ?" मी त्यांना सांगतो, लाकडावरच्या रंगरोगणाला आणि पितळी फुलांना भुलू नका, तो पैसा पुडीत घाला. पुडी म्हणजे ढोलकीच्या तोंडावरचं कातडं. ती ढगाळ दिवशी जाऊन घ्या, कोरड्या उन्हात कुठलीही पुडी गोड वाजते. दोन पुड्या जास्तीच्या ठेवा. सूर लावायची हातोडी बोजड नको आणि तिचा नाद मोठा नको. आणि गवसणी जाड घ्या, आत कापूस भरलेली, वाद्यापेक्षा तीच महाग पडली तरी चालेल. पुडीचं ते ऐकतात. हातोडीच्या नादाचं सांगितलं की एकमेकांकडे बघतात, आणि गवसणीचं कुणीच मनावर घेत नाही. वाद्याच्या पिशवीत एवढं काय असतं, असं त्यांना वाटतं. मलाही वाटत असे. लालबागेत मामांच्या बिऱ्हाडी राहून मी कॉलेज शिकत होतो, तेव्हा मला कुणी हे सांगितलं असतं तर मामीच्या खानावळीतली पानं अर्ध्यावर आली नसती.

मी सावंतवाडीला शाळा शिकून मुंबईत आलो तो मामांच्या भरवशावर. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, मॅट्रिकपर्यंतही मीच पहिला. मामा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. दादरच्या स्टेशनावर मला उतरवून घेतलं तेव्हा माझी ट्रंक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चालता चालता पहिला उपदेश केला, "इथं कुणी गोड बोललं की आधी खिशाला हात लाव." दुसरा उपदेश घरी पोचल्यावर केला. माझ्या गळ्यात अडकवलेला मृदंग त्यांनी पाहिला होता. गावच्या देवळात भजनाला मी तो वाजवायचो, गुरवाकडून शिकलो होतो. मामा म्हणाले, "देवासाठी वाजव, लोकांसाठी वाजव, पण पोटासाठी वाजवायचं नाही. वाजवून पोट भरायचं होतं तर गावालाच भरलं असतं. तू शिकायला आलायस." मी मान डोलावली. या दोन उपदेशांनी माझं पुढचं वर्षभर नासवलं असं म्हणालो तर मामांवर अन्याय होईल. पण दोन्ही मी अक्षरशः पाळायला गेलो, हेही खरं आहे.

बिऱ्हाड म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढची गॅलरी. मामा, मामी, त्यांच्या दोन लहान मुली आणि मी. शिवाय मामी खानावळ चालवायची. गिरणीतले, गाव सोडून एकटे राहणारे गडी पाळीप्रमाणे येऊन जेवून जात, त्यामुळे आमच्या घरी जेवणाची एक वेळ अशी नव्हतीच. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की मामी उठून स्टोव्ह पेटवायची आणि तो दिवसभर भरभरत राहायचा. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, कधी बांगड्याचं तिखलं, पैसे कमी असले की सुकट. नारळ किसण्याचा आवाज थांबला म्हणजे आता पंगत बसणार हे मी पुस्तकातून डोकं वर न काढता ओळखायचो. संध्याकाळी खालच्या नळावर हंड्यांची आदळआपट, वरच्या माळ्यावर कुणीतरी लाटणं आपटतंय, समोरच्या चाळीत पेटी. या सगळ्या आवाजांत मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बसायचो. मामी सोलकढीची वाटी न विचारता पुढ्यात ठेवायची आणि मुलींना म्हणायची, "गप बसा गो, दादा शिकता." त्या एका वाक्याचं ऋण माझ्याकडून अजून फिटलेलं नाही.

त्या दिवसांत लालबाग-परळ एका रागावर जगत होतं. मुंबई महाराष्ट्रात की महाराष्ट्राबाहेर, या प्रश्नावर पंगतीत भात निवायचा. सभांना बंदी असे, ती उठे, पुन्हा लागे. सभा घेता येत नाही म्हटल्यावर चाळीचाळींतून कलापथकं फिरू लागली. आमच्या भागात दाजींचं पथक होतं. दाजी मामांच्याच खात्यात साच्यावर. आवाज घोगरा, पण पोवाड्याला उभे राहिले की तिसऱ्या माळ्यावरची म्हातारीही कठड्याशी येई. त्यांचा ढोलकीवाला आजारपणामुळे गावाला गेला आणि मामांनी माझं नाव सुचवलं. हे लोकांसाठी वाजवणं होतं, म्हणून परवानगी होती.

पथकात तुणतुण्यावर सदा होता. तिशीतला, सुतळीसारखा सडसडीत, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी काळंबेरं आहे यावर त्याची श्रद्धा होती. चहा आला की आधी वास घ्यायचा. तो मामीच्या खानावळीतच जेवायचा आणि आमटी पातळ झाली की म्हणायचा, "वैनी, आज नळाला पाणी लै आलेलं दिसतंय." मामी उलथनं उगारायची. माझ्याशी त्याचं पहिल्या दिवसापासून जुळलं नाही. "कॉलेजवाले साहेब," तो मला म्हणायचा, "तुम्ही ढोलकी बडवायची म्हणजे मग आम्ही काय करायचं, बी.ए.?"

पथकाची ढोलकी जुनी होती. लाकूड चांगलं, पण पुडी मेलेली. ढोलकीचा आवाज पुढच्या रांगेपलीकडे जाईना. मी ठरवलं, नवी पुडी आपणच घालायची. पण पैसे कुठून आणायचे? कॉलेजातल्या एका ओळखीतून मला गिरगावात एक काम मिळालं. तिथल्या एका जुन्या प्रभू कुटुंबाच्या घरी मुलींचा गायनाचा क्लास चालायचा आणि त्यांना ठेका धरायला साथीदार हवा होता. जिन्याला शिसवी कठडा, भिंतीवर पगडी घातलेल्या पूर्वजांच्या तसबिरी. घरातले मोठे गृहस्थ सरकारी कचेरीत वरच्या हुद्द्यावर होते. सगळी माणसं सभ्य, बोलणं हळू, आणि क्लास झाला की काचेच्या बशीत दोन नानकटाया. मी त्या खिशात घालून मामांच्या मुलींसाठी आणायचो आणि कॉलेजच्या कँटीनमधल्या म्हणून सांगायचो. कारण हे वाजवणं पोटासाठी होतं. निदान पैशासाठी तरी होतंच. मामांना ते सांगायची मला हिंमत होत नव्हती.

पुडीवाल्याचं दुकान परळला होतं. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर गिऱ्हाइकाला पुडीला बोट लावू देत नसे. "तू फक्त ऐक. वाजवणार मी," असं म्हणून स्वतः दोन बोल काढायचा, आणि त्याच्या बोटांखाली रद्दीचा पुठ्ठासुद्धा बोलला असता. मला मामांचा पहिला उपदेश आठवला. मी पैसे काढले नाहीत. पुढच्या आठवड्यात गेलो, पुन्हा ऐकलं. पुन्हा गेलो. शेवटी आभाळ भरून आलेलं असताना, हवा दमट असताना गेलो आणि म्हटलं, "आज वाजवा." मास्तरने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "कुणी पाठवलं तुला?" "कुणी नाही." "खोटं बोलतोस. दिवस बघून कातडं घ्यायला येणारा पोरगा एकटा नसतो." त्याने समोरच्या पुड्यांना हात लावला नाही, आतून एक वेगळीच आणली. तिचा आवाज त्या ओल्या हवेतही उभा राहिला. ती मी घेतली. गंमत म्हणजे पुढे ज्या कशाचा माझ्यावर आरोप आला, त्याचा पहिला उच्चार असा एका दुकानात, मी चोखपणे खरेदी करत असताना झाला.

त्यानंतर हातोडी घेतली. ढोलकी सुरात आणायची तर पुडीच्या काठावर फिरून फिरून ठोकावं लागतं. पथकाकडची हातोडी सुताराची होती, डोकं सैल झालेली. गिरगावात सोनारी हत्यारांच्या दुकानात मला पितळी तोंडाची एक सुंदर हातोडी दिसली. बोटावर तोलली तर टण्ण वाजली. देवळातल्या घंटेला धाकटी बहीण असती तर अशी बोलली असती. मी ती घेतली आणि सदाच्या नजरेसमोर मोठ्या दिमाखाने ठेवली.

"नवी पुडी, नवी हातोडी," सदा म्हणाला. "शिकणाऱ्या पोराची मजा आहे बुवा. मामा देतो काय रे?"

"नाही, माझं मी बघतो."

"तेच म्हणतो मी. कुठं बघतोस?"

मी पुडीच्या काठावर ठोकायला लागलो. दाजींनी विषय बदलला, पण बदलण्याआधी माझ्याकडे एकदा पाहिलं.

इथे मला माझ्या गुरवाची एक शिकवण सांगायला हवी. तो म्हणे, कातड्याला जागेची हवा लागते. घरी लावलेला सूर देवळात उतरतो. म्हणून जिथं वाजवायचं तिथं आधी जाऊन बसायचं, वाद्य उघडून ठेवायचं, ते जागेशी रुळलं की मग लावायचं. गावी भजनाच्या दिवशी मी दुपारीच देवळात जायचो. मुंबईतही तेच चालू ठेवलं. ज्या चाळीत आमचा कार्यक्रम, तिथं मी सगळ्यांच्या आधी पोचायचो, आवारात किंवा जिन्याखाली ढोलकी उघडायचो आणि निवांत ठोकत बसायचो. बाकीचे ऐन वेळेला, एकेकटे, भाजी आणायला निघाल्यासारखे यायचे. बंदी होती. कार्यक्रमाची जागा दाजी शेवटपर्यंत कुणाला सांगत नसत, मला मात्र वाद्यासाठी म्हणून आधी सांगत.

आणि पोलीस यायला लागले. पहिल्यांदा आले तेव्हा योगायोग वाटला. मग पुन्हा आले. दाजी मुजरा करायला वाकतात न वाकतात तोच आवाराच्या तोंडाशी पिवळी पगडी दिसायची. एकदा तर आम्ही सगळे जमायच्या आधीच शिपाई बाकड्यावर बसून कुणाच्या तरी घरचं पाणी पीत होते. पळापळ, शिव्या, एकदा दोघांना रात्रभर चौकीत बसवलं. कुणीतरी खबर देतंय हे उघड होतं. आणि जागा आधीपासून कुणाला माहीत असते, तेही उघड होतं.

मला ते कळायला मात्र वेळ लागला. मी उलट सदावर संशय घेत होतो. जो माणूस चहाचा वास घेतो तो स्वतः काहीतरी करत असणार असा माझा तर्क. मी त्याच्यावर नजर ठेवली. तो माझ्यावर ठेवून होताच. पथकात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत वाजवत होतो, आणि तुणतुणं-ढोलकीचा मेळ इतका चांगला कधी जमला नव्हता, असं दाजी नंतर म्हणाले.

मग सदा मामीकडे जेवायला येईनासा झाला. मामी पान मांडून बसली. "सदा इलो नाय आज? त्याका काय झाला?" दुसऱ्या दिवशीही आला नाही. त्याच्यामागून आणखी एक गडी गेला, मग त्याच्या खोलीतले दोघं. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. डबा दुसरीकडे लावला, एवढंच. नळावर मामीचा हंडा पुढे सरकवणारी बाई तिच्याकडे पाठ करून उभी राहू लागली. पंगतीतली रिकामी जागा मामी फडक्याने पुन्हा पुन्हा पुसायची. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "झिला, तू गिरगावात खंय जातंस रे?"

मी घास पानात ठेवला. "कुणी सांगितलं?"

"सदान बघितल्यान. सरकारी सायबाच्या घरात."

मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विडी विझवली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाले, "जेवू दे त्याला." मी तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण त्या वयात मला वाटलं की मामांना दुखवण्यापेक्षा गप्प राहणं बरं. आज शाळेत चाळीस वर्षं पोरं हाताळून झाल्यावर सांगतो, खालमानेने गप्प बसलेल्या पोराला मी कधी लगेच शिक्षा केली नाही.

खबऱ्या ठरलेल्या माणसाला लालबागेत कुणी मारत नसे. त्याच्या घराशी बोलणं बंद होई. पाणी, जेवण, मुलींचं खेळणं, सगळं. मामा ती खोली सोडून जाणार कुठे? आणि मला गावी पाठवलं तर माझं कॉलेज तिथेच संपणार होतं. ही दोन्ही भयं मी उशाशी घेऊन झोपायचो.

तेवढ्यात दाजींनी मला गाठलं. "शनिवारी परळला," ते हळू आवाजात म्हणाले आणि एका चाळीचं नाव सांगितलं. "कुणाजवळ बोलू नको. मामाजवळही नको." माझ्यावर अजून भरवसा आहे या विचाराने मला भरून आलं. शनिवारी दुपारी मी ढोलकी घेऊन त्या चाळीच्या आवारात गेलो. एक बाई पापड वाळत घालत होती. "काय रे, इथं काय?" "कार्यक्रम आहे ना." "कसला? आम्हाला नाय कोण बोलला." मला वाटलं, वा, काय गुप्तता पाळतात परळची माणसं! बाईवर थोडा संशयही आला, इतकं अजाण कोण असतं? मी जिन्याखाली बसलो, ढोलकीला हवा लागू दिली आणि माझी पितळी हातोडी काढली.

टण्, टण्, टण्. काठावर एक फेरी झाली, दुसरी झाली. सूर जवळजवळ आला होता. मान वर केली तर समोर हवालदार. मागे दोन शिपाई. हवालदार पोक्त, पोट सुटलेला, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत माझ्याशेजारच्या पायरीवर बसला.

"लागला का रे सूर?"

मी ढोलकी पोटाशी ओढली.

"अरे, बोल की. किती वाजता आहे आज? म्हणजे तोवर चहा घेऊन येतो."

"मी... मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही? गल्लीत सगळ्यांना माहीत आहे." त्याने माझ्या हातातली हातोडी घेतली, पायरीच्या दगडावर एकदा हलकेच आपटली. टण्ण. "सोन्यासारखी आहे रे. गस्तीवरच्या पोराला नाक्यापर्यंत ऐकू येते. तो येऊन सांगतो, हवालदार, ठोकाठोकी सुरू झाली. की मी निघालोच पगडी घालून. माझे गुडघे गेले तुझ्यापायी. जरा हळू लाव ना, बाबा. सरकारही खूश, मीही खूश."

शिपाई हसले. आवाराच्या तोंडाशी कुणीतरी आणखी हसलं, की खोकलं. पाहतो तर तिथं दाजी आणि सदा उभे होते. समोरच्या चहाच्या दुकानातून ते मला बघत होते हे मला तेव्हा कळलं. आणि त्यांच्या थोडं मागे, हातात जेवणाचा डबा घेऊन, मामा.

आज इथं काही नाही म्हणून हवालदार कुरकुरत निघून गेला. दाजी कपाळाला हात लावून पायरीवर बसले आणि हसू लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हातोडी! अरे देवा, हातोडी!" सदा हसला नाही.

"फसू नका, दाजी," तो म्हणाला. "पोलीस आपल्या खबऱ्याला असंच वाचवतो. आम्हाला बघून बोलला तो."

"सदा, त्यानं आपल्याला बघितलं तरी होतं काय?"

"पोलिसाला पाठीला डोळे असतात. आणि गिरगावचं काय?"

मामा पुढे आले. ढोलकी त्यांनी उचलली. "चल घरी," एवढंच म्हणाले.

परळहून लालबागपर्यंत आम्ही चालत गेलो. गिरण्यांच्या भिंतींवरच्या घोषणा पुसून पुन्हा लिहिलेल्या होत्या. मग मीच म्हटलं, "मामा, तुमची पाळी..."

"खाडा केला."

"तुम्हाला दाजींनी सांगितलं?"

"दाजींना मी सांगितलं, तुला एकट्यालाच खोटी जागा कळवून बघा म्हणून. ही जागा मीच सुचवली."

मी थांबलो. मामाही दोन पावलं पुढे जाऊन थांबले. "म्हणजे तुम्हालाही वाटलं..."

"माझ्या घरात दोन पोरी आहेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडका होता, पण चीड माझ्यावर नव्हती. "आणि तू खरा असलास तर सदाच्या डोळ्यांदेखत खरा ठरावास, म्हणून." या दोन कारणांतलं त्यांच्या मनात आधी कुठलं आलं, ते मी विचारलं नाही. नंतर कित्येक वर्षं होती विचारायला, तरी नाही.

मग मी गिरगावचं सगळं सांगितलं. गायनाचा क्लास, मुली, ठेका, नानकटाया. मामा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग हे सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही म्हणाला होता, पोटासाठी वाजवायचं नाही."

"पोटासाठी म्हणालो होतो," मामा म्हणाले. "पुडीसाठी वाजवू नको असं म्हणालो नव्हतो. शिकलेला आहेस ना तू?"

पण यानं सदाचं समाधान होणार नव्हतं, आणि सदाचं होत नाही तोवर चाळीचंही नाही. त्यासाठी एक कार्यक्रम पोलिसांवाचून पार पडायला हवा होता. अडचण माझ्या विद्येचीच होती. जागेवर ठोकलं तर हवालदार येणार, घरून ठोकून नेलं तर वाटेत सूर उतरणार. मी चार दिवस याच विचारात होतो. कॉलेजातून येताना माटुंग्याच्या बाजारात एका दुकानाबाहेर कारागीर वीणेसाठी गवसणी शिवत होता. जाड कॅनव्हास, आत कापसाचा थर, त्यावर फ्लॅनेल. मी विचारलं, एवढं जाड कशाला? तो दक्षिणेकडचा, तोडक्या हिंदीत म्हणाला, हवा लगने से सुर का बुखार होता है. मी त्याच्यासमोर ढोलकीचं माप हाताने दाखवलं. गिरगावचे पुढच्या दोन महिन्यांचे पैसे मी आगाऊ मागून घेतले आणि ती गवसणी शिवून घेतली. पितळी हातोडीच्या तोंडाला मामीने जुन्या चपलेचं कातडं बांधून दिलं.

पुढच्या कार्यक्रमाला दाजींनी जागा सगळ्यांना एकदमच, आदल्या दिवशी सांगितली, मलाही. आमच्याच चाळीच्या मागचं आवार. सदा म्हणाला, "बघू." मी त्या दिवशी दुपारी वडाळ्याच्या बाजूला, रेल्वेच्या यार्डाकडे गेलो. तिथं डबे एकमेकांवर आदळतात, त्या आवाजात माझी हातोडी कुणाला ऐकू येणार? सूर लावला, गवसणी घातली, वरून मामीचं लुगडं गुंडाळलं आणि बाळंतिणीला घरी आणावं तसा ढोलकी घेऊन चालत परत आलो.

संध्याकाळी गॅलऱ्या भरल्या. मी गवसणी सोडली, पुडीवर बोट मारलं. सूर होता. किंचित उतरलेला, पण होता. दाजींनी मुजरा केला आणि सगळ्या चाळीने आवाराच्या तोंडाकडे पाहिलं. पहिलं कडवं झालं. लोक दाजींकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. नळाजवळची बाईही तिकडेच बघत होती. सदाने तुणतुणं छेडता छेडता मान इतकी वळवली होती की तार सुटली. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. कुणी आलं नाही. कुठल्यातरी क्षणी, मला वाटतं दाजींनी मुंबईचं नाव उच्चारलं तेव्हा, वरून एक टाळी पडली आणि मग माणसं रस्ता विसरली. मी इतक्या जोरात वाजवली की बोटांना फोड आले. मामा पाळीवर होते. त्यांना ते घरी आल्यावर मामीने सांगितलं, आणि त्यांनी फक्त विचारलं, "पुरं झालं? शेवटपर्यंत?"

खानावळीचे गडी एकेक करून परतले. परतलो असं कुणी म्हणालं नाही, गेलो होतो असंही नाही. मामीने पान मांडलं, ते बसले. सदा तेवढा आला नाही. त्याच्या पोटातला संशय निघालेला नव्हता, आणि आता परत येणं म्हणजे कबुली झाली असती. माझ्या मनातूनही तो पुरता उतरला होता. पथकात आम्ही वाजवत राहिलो, पण तो माझ्याशी आणि मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते आणि चाळीवरची तोरणं अजून सुकत होती. मामांनी पेढ्यांचा पुडा आणला. मला वाटलं आधी देवापुढे ठेवतील, नाहीतर दाजींकडे नेतील. ते मला घेऊन आमच्याच चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर गेले आणि सदाच्या दारात उभे राहिले. सदा पाळीवरून येऊन बनियनवर बसला होता. मामांनी पुडा त्याच्यापुढे धरला.

"माझा भाचा पास झाला. पहिला पेढा तुझा."

सदाने माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. हात पुढे झाला. पेढा त्याने उचलला आणि, तो सदाच होता, नाकाशी नेला.

"खा," मामा म्हणाले. "मी उभा आहे."

सदाने पेढा खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. मग हात बनियनला पुसत म्हणाला, "वैनीला सांग, उद्यापासून माझं पान मांडायला." मामांनी मान डोलावली, पुडा माझ्या हातात दिला आणि जिना उतरू लागले.